तेराव्यानंतर ऐकायची आरती

माधुरीनं लिहिलेल्या कोडचं काम तसं लहानसंच. तिच्या पुण्यातल्या कंपनीच्या फायली दूर परदेशातल्या सर्व्हरवर असत. त्यांतली एखादी कुणाला द्यायची झाली की कोड ठरावीक वेळेचं टोकन, एक प्रकारची किल्लीच, काढून लिंकच्या शेपटीला जोडायचा. मुदत टळली की लिंक हातात असून दार बंद. सात दिवस हा आकडा तिनंच घातला होता. सात दिवसांत कोण बघणार नाही, असं तिला वाटलं होतं.

वडील गेल्याचा फोन आला तेव्हा ती ऑफिसातच होती. नवरात्रात तिनं त्यांची आरती कंपनीच्या रेकॉर्डरवर घेतली होती आणि सर्व्हरवरच्या चाचणीच्या फायलींत ठेवून रेकॉर्डर रिकामा करून परत दिला होता. गावदेवीची ती आरती घराण्यातली, कुठं लिहिलेली नाही. आंबेनळी घाटाखालच्या त्यांच्या वाडीत वडिलांशिवाय, म्हणजे रावजींशिवाय, कुणाला पुरती येत नव्हती. ऑफिसात पेनड्राइव्हला बंदी. एसटी गाठायच्या घाईत तिनं टोकन काढलं आणि लिंक चुलतभावाला, महाडच्या सायबर कॅफेवाल्या चंदनदादाला मेल केली. आईसाठी सीडी करून ठेव, मुदत सात दिवसांची, एवढंच लिहिलं.

चंदननं मेल वाचला आणि तसाच ठेवला. तोही भावकीतला, सुतक त्यालाही. देवीची आरती त्या तेरा दिवसांत मशीनवर लावायची कशी?

घरचा देव्हाऱ्यातला दिवासुद्धा शेजारची तुळसा येऊन लावत होती. सहाव्या दिवशी माधुरीनं आईपाशी विषय काढला. सगुणाबाईंचा नेमधर्म उभ्या जन्मात चुकलेला नव्हता.

"तेरावं होऊ दे गो. सुतकात देवीचं ऐकलं तर तेंनाच बाधंल."

"आये, उद्या मुदत संपते त्याची."

"ती तूच घालतेस ना?"

"हो. दुसरी काढून देईन."

"मग घाई कसली?"

माधुरीला ते पटलं. कुलूप आपलं, किल्लीही आपलीच.

चौदाव्या दिवशी मामा सगुणाबाईंना बिरवाडीला न्यायला आला. वाटेत ती तिघं महाडात उतरली. सगुणाबाईंनी चपला कॅफेच्या पायरीखाली काढल्या, पदर डोक्यावर घेतला आणि कागदात गुंडाळून आणलेली जास्वंदीची दोन फुलं कॉम्प्युटरपुढं ठेवली. मग हात जोडून बसल्या.

जुनी लिंक उघडली नाही. ते ठाऊकच होतं. माधुरीनं आपलं नाव घालून नवं टोकन काढायला घेतलं. आत घेईना. पुन्हा घातलं, तरी तेच. मग स्वतःचा मेल उघडला. मंदीमुळं प्रकल्प बंद केला होता; अकरा जणांना कमी केलं होतं, त्यांत तिचं नाव चौथं. तिनं ऑफिसातल्या सुधीरला फोन लावला.

तो हळू म्हणाला, "अगं, चाचणीच्या फायली शुक्रवारीच पुसल्या. दुसरी प्रत आपण कधी ठेवलीच नव्हती."

शुक्रवार म्हणजे दहावा दिवस. त्या दिवशी सगळे नदीकाठी उन्हात उभे राहून पिंडाला कावळा शिवायची वाट बघत होते. चंदनदादाही होता, तिच्या शेजारीच.

आता कॅफेत चंदननं मान वर केली नाही. सीडी कधीही होईल असं वाटलं होतं, एवढंच तो पुटपुटला.

"लागलं का गो?" सगुणाबाईंनी विचारलं.

"नाय आये. पुसलं गेलं. आता कुठंच नाय."

सगुणाबाईंचे हात जोडलेलेच राहिले. "कडवी तेच म्हनायचे," त्या म्हणाल्या. "मी मागून ध्रुपद तेवढं धरायची." त्यांनी डोळे मिटले, ओठ हलले. ध्रुपदाची ओळ आली. तिच्यापुढं कोणतं कडवं, ते आलं नाही. पुन्हा ओळ म्हटली आणि थांबल्या.

दारात गिऱ्हाईक ताटकळलं होतं. सगुणाबाईंनी फुलं परत कागदात गुंडाळली आणि खुर्ची मोकळी करून दिली.