समुद्राची बाटली

जनकाबाईंनी तुराटीच्या काडीनं अंगणातल्या ताज्या सारवणावर बोट काढली. पुढचं टोक, मागचं टोक, मधे धुराडं. मग धुराड्यापासून दोन वितींवर काडी टेकवली.

“इथी सतरंजी टाकजा. धुराड्याजवळ गेल्या त शिजून निघसान, अन् कडेले बसल्या त पाणी अंगावर. लिंबू पदरातच बांधून ठेवजा. बोट लागली का हुंगाचं. पोट रिकामं नाई ठेवाचं, अन् गच्च भरूनबी नाई ठेवाचं.”

समोर बसलेल्या तानुबाई आणि पुष्पाबाई शाळेतल्या पोरींसारख्या माना डोलवत होत्या. त्यांच्या मागे, जरा अंग चोरून, नारायणराव मास्तरांची बायको सिंधू बसली होती. दिवाळीच्या सुट्टीत मास्तर धरून गावातली पाच माणसं मुंबईहून बोटीनं गोव्याला जाणार होती. गोवा मोकळा होऊन चार-पाच वर्षं झाली होती. बोटीचा प्रवास करून आलेलं जोडपं मात्र अख्ख्या वरवट बकालमध्ये एकच, जनकाबाई आणि भाऊराव. निदान गावाची तशी समजूत होती.

खरं म्हणजे जनकाबाई बोटीत बसल्याच नव्हत्या. तीन वर्षांपूर्वी त्या मुंबईच्या धक्क्यापर्यंत गेल्या, बोटीत चढायच्या फळीवर एक पाय ठेवला, आणि धक्का आणि बोट यांच्यामधल्या फटीत काळं पाणी वरखाली होताना दिसलं. त्यांनी डोळे मिटले. पाय मागे आला तो आलाच. भाऊरावांनी समजावलं, हात धरला, आणि शेवटी तिकिटं खिशात घालून बायकोशेजारी ट्रंकेवर बसले. बोट भोंगा देऊन निघून गेली. पुढचे पाच दिवस दोघांनी पुतण्याच्या खोलीत काढले. रोज सकाळी धक्क्यावर जायचं आणि उतरणाऱ्या उतारूंना विचारायचं, कसं वाटलं, कुठं बसलात, काय खाल्लं. लिंबू एका रत्नागिरीच्या म्हातारीचं, सतरंजीची जागा एका शिंप्याची. जनकाबाईंचा सगळा प्रवास असा उसनवारीचा होता.

गावात पाय ठेवताच पहिल्या बाईनं विचारलं, “कशी वाटली व बोट?” खरं सांगायला तोंड उघडलं, ते भलतंच सांगून मिटलं. एकदा सांगितलं म्हटल्यावर रेटणं आलं. समुद्राचं पाणी आणलं का, असं कोणीतरी विचारलं, तेव्हा त्यांनी घाईघाईनं औषधाच्या रिकाम्या बाटलीत मारुतीजवळच्या विहिरीचं पाणी भरलं. वरवटच्या विहिरी खारट. त्या पाण्यात डाळ शिजता शिजत नाही. गावानं तळहातावर थेंब थेंब घेऊन चाखलं आणि “एवढ्यासाठी मुंबईले गेल्या? हे त आपल्याच विहिरीचं पाणी!” म्हणून पोट धरून हसून घेतलं. आपण अगदी खरं बोलतोय, हे त्या बिचाऱ्यांना ठाऊक नव्हतं. बाटली भिंतीतल्या देवळीत गंगेच्या गडूशेजारी जाऊन बसली आणि गडूबरोबर तिलाही रोज हळदकुंकू मिळू लागलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं, कोणी देवळीकडं नुसतं पाहिलं तरी जनकाबाई मधे येऊन उभ्या राहायच्या.

भाऊराव ओट्यावर सुतळी वळत हे सगळं ऐकत असायचे. तीन वर्षांत त्यांनी ना कधी बायकोचं म्हणणं खोडलं, ना कधी त्याला दुजोरा दिला.

तानुबाई आणि पुष्पाबाई उठून गेल्या. सिंधू बसून राहिली. जरा पुढं सरकून तिनं विचारलं, “काकू, फळीवरून जातानी भेव लागते का?”

जनकाबाईंच्या हातातली काडी थांबली. खाणं, झोपणं, मासे, सगळं विचारून झालं होतं लोकांचं. हे कोणी विचारलं नव्हतं.

“काऊन व?”

“मले आतापासूनच भेव लागून राह्यलं. आमच्या मास्तरायनं मोठ्या हौसेनं ठरवलं. मी तिथून माघारी फिरली त त्यायचं मन मोडन. अन् ते बोलनार नाईत काई, हे आनखीच जड.”

जनकाबाईंनी ओट्याकडं पाहिलं. भाऊराव खाली मान घालून सुतळी वळत होते. ‘काई नाई व, डोळे मिटाचे,’ हे उत्तर ओठांवर तयार होतं. पण डोळे मिटले तेव्हा काय झालं होतं, ते त्यांच्याइतकं कोणाला माहीत? हे उत्तर घेऊन ही पोरगी त्या फटीपाशी जाणार आणि तिथं एकटी पडणार. त्यांना तिची दया आली, आणि स्वतःची लाज वाटली.

“मले नाई माईत,” त्या म्हणाल्या. “मी फळीवरून गेलीच नाई, सिंधू. एक पाय ठेवला अन् वापस आली. बाकी समदं लोकायचं ऐकेल हाय.”

ओट्यावरचे हात थांबले. सिंधू मात्र दचकली नाही.

“मले माईत हाय, काकू.”

“कोनं सांगतलं?”

“त्या बाटलीनं. मी जळगाव जामोदची. आमच्याकडं डोंगराखालचं गोडं पाणी. लगन होऊन इथी आली तवा माही डाळ शिजेच ना. कोन्या पाण्यात जराशी तरी शिजते ते पाह्यासाठी गावातल्या समद्या विहिरी मी चाखल्या. तुमी हातावर थेंब देल्ला, तवाच ओळखलं, हे मारुतीजवळचं.”

“अन् तीन वर्षं बोलली नाई?”

“काय बोलू? आज त म्हनूनच आली. बाकी ज्याले सांगा तो म्हनते, त्यात भ्याचं काय. भ्यालेलं मानूस मले तुमच्याबिगर कोनी माईत नाई.” सिंधूनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. “तुमी संग चाला. दोघी मिळून जाऊ.”

“अन् मी पुन्हा फिरली त?”

“त मीबी फिरीन. दोघी बसू धक्क्यावर.”

जनकाबाईंना हसू आलं आणि हसता हसता डोळे भरले. तीन वर्षांचं ओझं असं बसल्या जागी उतरेल, असं त्यांना वाटलं नव्हतं.

ओट्यावर भाऊराव खाकरले. “मास्तर तिकिटाचं पत्र आज टपालात टाकून राह्यले म्हन्तात. पाचाचे सात करा लागन त आताच सांगा लागन.”

जनकाबाई घरात गेल्या. देवळीतली बाटली आणून त्यांनी पाणी अंगणाच्या कडेला ओतलं. मग चुलीतली राख घेऊन बाटली आतून-बाहेरून घासली, हळदकुंकवाचे डाग निघेपर्यंत घासली, आणि उन्हात पालथी घातली.

“अवो,” त्या ओट्याकडं पाहून म्हणाल्या, “सात सांगजा. अन् येतानी एक बूच आनजा, हे सैल झालं.”

भाऊरावांच्या पायात चपला आधीच होत्या.