नववी चकती

व्हरांड्यात जुन्या वर्तमानपत्रांवर लोखंडाच्या चकत्या मांडल्या होत्या. परातीएवढी एक, ताटाएवढ्या तीन, बाकीच्या लहान होत गेलेल्या, शेवटची बशीहून लहान. रंगाचे डबे सहा, त्यांतला पांढरा निम्म्याहून कमी. ब्रश दोन, टर्पेंटाइनची बाटली एक, फडकं एक, आणि वहीच्या कागदावर आठ आकडे. सुचेताने बोट लावून पुन्हा मोजलं. आकडे आठ, चकत्या नऊ.

“बाबा, एक जास्त आहे.”

नीळकंठ पाटणकर चष्मा पुसत बाहेर आले. “जास्त कशी? नऊ मोजून कापल्यात मी. भंगारातून घेतल्या तरी गेटपासवर नऊच लिहिल्यात.”

“प्लूटोला मागच्या वर्षी यादीतून काढलं.”

“काढलं म्हणजे? आहे ना तो तिथं?”

“आहे तिथंच. ग्रह म्हणत नाहीत आता.”

“रिटायर केला म्हण.” त्यांनी ती सर्वांत लहान चकती उचलली, कडेवरून अंगठा फिरवला आणि बाजूला ठेवून दिली. त्यांच्याही रिटायरमेंटला तीन महिने राहिले होते. मग कारखान्याचं क्वार्टर सोडून कोलार रोडच्या दोन खोल्यांत जायचं होतं.

सुचेता एम.एस्सी. होऊन वर्ष झालं होतं. टाउनशिपच्या शाळेत ती तात्पुरती विज्ञान शिकवत होती. सोमवारी शाळेच्या भिंतीवर ग्रहांच्या चकत्या लागायच्या होत्या, प्रत्येकीवर ग्रहाचं नाव आणि पृष्ठभागाचं सरासरी तापमान. कागदावर शेवटच्या चार आकड्यांपुढे तिने फुली केली होती. त्या चार ग्रहांना उभं राहता येईल अशी जमीनच नाही, त्यांचे आकडे ढगांतल्या एका ठरावीक पातळीवरचे. ते तिला खाली बारीक अक्षरांत लिहायचं होतं.

आई, सुमित्राबाई, दारात लसूण सोलत उभ्या होत्या. त्यांनी निळ्या चकतीवरचा आकडा वाचला.

“पंधरा? ही पंधरा डिग्री कुणाच्या घरी असते गं? इथं सकाळी नऊला कूलर लावावा लागतोय.”

“अख्ख्या पृथ्वीची सरासरी आहे, आई. अंटार्क्टिका धरून.”

“मग अंटार्क्टिकावाल्यांना सांग. भोपाळवाल्यांनी काय घोडं मारलंय?”

नीळकंठराव खाली बसून दुसरी चकती बघत होते. “बुध एकशे सदुसष्ट. एवढ्या जवळ असून?”

“दिवसा चारशे तीस, रात्री उणे एकशे ऐंशी. हवा नाही ना, उष्णता टिकत नाही. सरासरी काढली की एकशे सदुसष्ट येतं.”

“म्हणजे तिथं गेलं तर एकशे सदुसष्ट लागणार नाही?”

“सहसा नाही. सरासरीवरून एका जागेचं, एका वेळेचं काही सांगता येत नाही.”

त्यांनी मान हलवली आणि तिसऱ्या चकतीकडे वळले. शुक्र. सुचेताने ती सकाळीच रंगवून ठेवली होती, भडक लाल. ती बघताच त्यांच्या कपाळाला आठी पडली.

“ही किती?”

“चारशे चौसष्ट. सगळ्यांत जास्त.”

“मग लाल का केलीस? चारशे चौसष्टला लोखंड लाल होत नसतं. पाचशेच्या वर, तेही अंधारात, जेमतेम दिसायला लागतं. चारशेला ते काळंच. थंड लोखंड कसं असतं, तसंच.” ते भट्टीवरच्या माणसाच्या आवाजात बोलायला लागले होते. “लाल नगाजवळ कुणी जात नाही. लालने आमच्याकडे कुणाला भाजत नाही. भाजतं ते काळ्याने. म्हणून तर…”

हात शर्टाच्या खिशाकडे गेला होता, जिथं त्यांचा खडू असे. तो तिथंच थांबला. सुमित्राबाई लसणाची ताटली घेऊन आत गेल्या.

म्हणून तर भट्टीतून काढलेल्या प्रत्येक नगावर खडूने ‘गरम’ लिहायची पद्धत होती. नग काढणाऱ्याने लिहायचं, निवल्यावर पुसायचं. नीळकंठराव चौतीस वर्षं लिहीत आले होते. दहा दिवसांपूर्वी त्यांनी एक जाड रिंग काढून फरशीवर ठेवली. चाळीस मिनिटांनी शंकर नावाच्या ठेकेदाराच्या माणसाने ती उचलण्यासाठी साखळी अडकवताना तिच्यावर उजवा तळहात टेकवला. रिंग तेव्हा सुमारे चारशे अंशांवर असावी, असं चौकशीच्या कागदात लिहिलं होतं. आणि हेही, की तिथं जमलेल्या कुणालाही तिच्यावर अक्षरं दिसली नाहीत.

नीळकंठरावांनी आतून एक कागद आणला.

“परवा द्यायचंय. तुझं अक्षर चांगलं आहे, साफ उतरवून दे.”

हिंदीत लिहिलेलं निवेदन होतं. नग काढल्यावर मी नियमाप्रमाणे खडूने ‘गरम’ असे लिहिले. त्याखाली एक ओळ रिकामी. त्याखाली, तरी संबंधित कामगाराने सावधगिरी बाळगली नाही. मग सही.

“ही ओळ?”

“तिथं एक शास्त्रीय वाक्य हवंय. इतक्या उष्णतेत खडू टिकत नाही, उडून जातो, असं काहीतरी. तू फिजिक्सवाली. तुझ्या शब्दांत बसव.”

“उडतो का?”

“उडत असणारच. नाहीतर अक्षरं गेली कुठं?”

सुचेताने कागद गुडघ्यावर ठेवला. तिच्या बोटाला निळा रंग लागला होता, तो निवेदनाच्या कोपऱ्याला लागू नये म्हणून तिने हात दूर धरला.

“बाबा, तुम्हाला लिहिलेलं आठवतंय?”

“म्हणजे काय? नग काढायचा, चिमटा ठेवायचा, खिशातून खडू काढायचा, लिहायचं. दिवसाला चार नग तरी धर. कर हिशेब.”

तिने मनात केला. वर्षाचे दोनशे ऐंशी दिवस. “अडतीस हजार.”

“अडतीस हजार वेळा केलेली गोष्ट माणूस त्याच दिवशी विसरेल?”

“मी त्या एका दिवसाचं विचारतेय.”

टर्पेंटाइनच्या बाटलीचं झाकण घट्ट होतं, तरी त्यांनी ते पुन्हा आवळलं.

फाटक वाजलं. चाळिशी उलटलेला एक माणूस सायकल हाताने ढकलत आत आला. उजवा हात मनगटापर्यंत पांढऱ्या पट्टीत, छातीशी धरलेला. सायकल स्टँडवर लावायला त्याला दोनदा प्रयत्न करावा लागला.

“आओ, शंकर,” नीळकंठराव उभे राहिले. “धूप में क्यों आए?”

“पैदल आता तो और धूप लगती, बाबूजी।” तो पायरीवरच बसला. चकत्यांकडे त्याची नजर गेली. “अरे वाह, बिटिया, ग्रह हैं? शनि कौन-सा है? अपने पीछे वही लगा है, देख तो लें।”

सुचेताने दाखवला. तो हसला. सुमित्राबाईंनी चहा आणून पायरीवर ठेवला. बशीत ओतून घ्यायला दुसरा हात लागतो. शंकर डाव्या हाताने कपाच्या कानाला धरून चहा निवायची वाट बघत बसला.

“परसों पेशी है,” तो कपाकडे बघत म्हणाला. “ठेकेदार कहता है, मान ले कि लिखा था, तूने देखा नहीं। मान लूँ तो मेरा गेट पास गया। न मानूँ तो बात आप पर आएगी। आप ही बताओ, क्या बोलूँ?”

“तुमने क्या देखा था?”

“काला लोहा था। ठंडा लगा।” तो म्हणाला, “अक्षर होता तो हाथ नहीं लगाता, बाबूजी। बाक़ी कुछ आए न आए, ‘गरम’ तो मैं पढ़ लेता हूँ।”

“ठेकेदार ने दस्ताने नहीं दिए थे तुम्हें,” नीळकंठराव म्हणाले.

“वो तो कभी नहीं दिए।”

त्याने चहा घेतला, कप रिकामा करून पायरीच्या कडेला नीट ठेवला. निघताना नीळकंठरावांनी सायकल स्टँडवरून काढून दिली आणि फाटकापर्यंत धरून नेली. परत यायला त्यांना वेळ लागला. फाटकाची कडी लावली की नाही, ते दोनदा वळून बघत होते.

व्हरांड्यात निवेदनाचा कागद तसाच होता. सुचेताने तो घडी न घालता घरात नेला, ओट्याजवळच्या टेबलावर ठेवला आणि परत येऊन बिनरंगाची, बशीहून लहान चकती उचलली.

“आई, मोठा गॅस मोकळा आहे?”

“भात लावायचाय.”

“तासाभरानं लाव.”

नीळकंठराव स्वयंपाकघराच्या दारात आले. तिने चकती शेगडीवर ठेवली होती आणि काडेपेटी शोधत होती.

“काय करतेस?”

“मला माहीत नाही, बाबा, खडू उडतो की नाही. पुस्तकात वाचलेलं आठवत नाही. करून बघते.”

मग आतल्या कपाटातून त्यांनी कारखान्यातल्या शॉपमधून बाद झालेला जुना मीटर काढून आणला आणि तापमान मोजायची जोडतार. तारेचं टोक त्यांनी पक्कडीने दाबून सरळ केलं.

“नुसतं टेकवून आकडा कमी येतो. दाबून धरावं लागतं. आण इकडे.” एका स्क्रूने आणि लोखंडी पट्टीने त्यांनी तारेचं टोक चकतीच्या कडेला आवळून बसवलं. “आता लिही.”

“खडू?”

त्यांनी खिशात हात घातला. खडू अर्ध्याहून जास्त शिल्लक होता. तो त्यांनी तिच्या पुढे केला. मग हात मागे घेतला, चष्मा सावरला आणि स्वतःच वाकून लिहिलं. अडतीस हजार वेळा लिहिलेलं, शिरोरेघ शेवटी एका झटक्यात ओढलेलं: गरम.

गॅस पेटला. पंखा बंद करावा लागला. बाहेर ऊन त्रेचाळीसच्या घरात होतं, आणि तिघंही त्या लहानशा खोलीत चकतीकडे बघत उभी होती. मीटरचा आकडा चढत होता.

“दोनशे वीस,” सुचेता म्हणाली.

“गवती पिवळा येईल आता.” चकती पिवळसर झाली. “मग तपकिरी. मग जांभळा. बघ. तीनशेला निळा.” ते हळू बोलत होते, जणू लहान मुलाला झोपवताना. निळा आला आणि गेला. चकती करडी झाली, मग काळसर, थंड लोखंडासारखी. ज्योत खालून लागत होती म्हणून गरम आहे असं कळत होतं, एवढंच.

चारशेला त्यांनी गॅस बारीक केला. आकडा वर गेला की अजून थोडा, खाली आला की थोडा मोठा. चारशेच्या आसपास तो स्थिर राहिला.

“किती वेळ?” सुमित्राबाईंनी विचारलं.

“चाळीस मिनिटं,” नीळकंठराव म्हणाले.

सुमित्राबाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि धुतलेल्या तांदळावर ताटली झाकली.

पंधराव्या मिनिटाला सुचेताने स्टूल पुढे केलं. ते बसले नाहीत. पंचविसाव्या मिनिटाला शेजारच्या शालिनीताई दारातून डोकावल्या.

“अगंबाई, सगळेच गॅसपाशी? काय शिजतंय?”

“लोखंड,” सुमित्राबाई म्हणाल्या. “झालं की देते वाटीभर.”

त्या हसून गेल्या. घरात कुणी हसलं नाही. नीळकंठरावांच्या कानामागून घाम उतरत होता; तो त्यांनी पुसला नाही, कारण एक हात गॅसच्या बटणावर होता आणि दुसरा खिशावर.

“त्या दिवशी,” तिसाव्या मिनिटानंतर ते म्हणाले, “रिंग ठेवली आणि वरून भट्टीवरच्या हेमंतने हाक मारली. दुसऱ्या भट्टीचं दार अडकलं होतं.”

सुचेताने त्यांच्याकडे बघितलं. ते मीटरकडे बघत होते.

“मग?”

“मग दार उघडलं.”

घड्याळाचा काटा पुढे गेला. चाळीस मिनिटं पूर्ण होताच सुमित्राबाईंनी “झाली” म्हटलं, आणि नीळकंठरावांनी गॅस बंद केला. सुचेता ओणवी होऊन जवळून बघायला लागली. त्यांनी तिचा दंड धरून तिला मागे ओढलं.

“लांबून. काळं आहे ते.”

मग ते स्वतः वाकले, हातभर अंतर ठेवून. चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला. पुन्हा वाकले.

“लिही,” ते म्हणाले.

“कुठं?”

त्यांनी टेबलावरचं निवेदन तिच्यासमोर सरकवलं आणि रिकाम्या ओळीवर बोट ठेवलं. बोट खडूने पांढरं झालं होतं. त्याचा ठसा कागदावर उमटला.

सुचेताने पेन उघडलं. तापमान चारशे चार अंश सेल्सिअस. वेळ चाळीस मिनिटे. लिहिलेली अक्षरे तीन. वाचता येणारी अक्षरे तीन.