सांबराचं सातवं

माझ्या शिवणाच्या डब्यात बटणांबरोबर एक काचेची पट्टी आहे. तिच्यावर सांबराच्या दाढेचा कांद्याच्या पापुद्र्याएवढा पातळ काप चिकटवलेला आहे. नातवंडं विचारतात, "आजी, हे कसलं बटण?" मी म्हणते, तुमच्या आजोबांचं.

आमचे हे मिरजेत एका दवाखान्यात कवळ्या करायचे. दिवसभर लोकांच्या जबड्यांचे साचे, आणि घरी विरंगुळा म्हणून पुन्हा दातच! मी म्हणायचे, "हलवाईसुद्धा घरी जाऊन पेढा खात नाही हो." हे हसायचे आणि कानशीने दाढ घासत बसायचे.

दातांवरून जनावराचं वय सांगणं मला नवं नव्हतं. मी पलूसची. दोनदाती, चारदाती, सहादाती हे आम्हाला पाढ्यांच्या आधी येतं. पण जनावर जुळलं, म्हणजे सगळे दात आले, की पुढचं वय विकणाऱ्याच्या तोंडी. ह्यांनी त्याच्या पुढची वाट काढली होती. माझ्या माहेरचा खिलार बैल अकरा वर्षांचा होऊन गेला, तेव्हा त्याची दाढ मागवून घेतली, उभी चिरली, उजेड आरपार दिसेपर्यंत घासली आणि माझ्या हातात भिंग दिलं. मुळाशी पांढऱ्या थरांतून काळसर रेघा गेलेल्या.

"उन्हाळ्यात चारा आटला की वाढ थांबते, रेघ पडते. मोज बघू."

मोजल्या. अकरा! त्यानंतर आमच्या घरी भाजीपेक्षा दाढाच जास्त यायला लागल्या.

सेहेचाळीसच्या दिवाळीनंतर शिराळ्याकडच्या हरणाबाई आल्या. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आणि फडक्यात सांबराचा जबडा.

"आवं डाक्तर, ह्ये माज्या पाडसाचं हाय का, येवडंच सांगा."

"मी डॉक्टर नाही हो. तुमचं पाडस आज केवढं असतं?"

"सातवं."

ह्यांनी कागदावर सात लिहिलं. घासायला दोन दिवस लागणार होते, म्हणून बाई आमच्याकडेच राहिल्या. स्वयंपाकघरात माझ्यासमोर जात्यावर बसल्या, तेव्हा सगळं कळलं. चाळीस साली त्यांचे मालक नाथाजी लढाईवर गेले. निघताना रानातून सांबराचं पाडस घेऊन आले, पावसाच्या तोंडाला जन्मलेलं. म्हणाले, "ह्ये जगंल तवर मी बी जगतोय आसं समज." बाईंनी ते शेळीच्या दुधावर वाढवलं. कुत्र्याने त्याचा डावा कान फाडला. दुसऱ्या वर्षी त्याला रानात सोडून दिलं. नाथाजींचं पत्र येऊन मात्र दोन वर्षं होऊन गेली होती. आणि गेल्या आठवड्यात कुण्या शिकाऱ्याने मारलेल्या सांबराचा डावा कान फाटका निघाला.

"गाव म्हणतंय, तुजंच. मी म्हन्ते, कुत्र्यानं काय येकाच सांबराचा कान फाडायचा नेम केलाय?"

तिसऱ्या दिवशी ह्यांनी भिंगातून मान वर काढली. "रेघा सहा. हे सहा वर्षांचं आहे. तुमचं नाही."

"तुमच्या तोंडात साखर पडू, डाक्तर!"

"साखर नको, दात किडतात."

बाई हसत हसत ताकारीच्या गाडीला गेल्या.

मी भाकरी थापत होते, पण हात थांबले होते. आमच्याकडे सातवं म्हणजे सातवं लागलेलं. चाळीसच्या पावसाळ्यातला जन्म, म्हणजे एक्केचाळीसपासून सेहेचाळीसपर्यंत उन्हाळे सहाच. रेघाही सहाच. ती बाई फडकं बांधत होती तेव्हाच माझा हिशेब झाला होता, आणि मी तोंड उघडलं नव्हतं.

जेवताना ह्यांचा घास मधेच थांबला. "अगं, त्या सातवं म्हणाल्या, ते लागलेलं की सरलेलं?"

"सरलेलं."

"नक्की?"

"आम्हा पलूसकडच्यांचं तसंच असतं."

पलूसच्या नावावर माझं तेवढं एक खोटं आहे. ह्यांनी ताटातलं तेवढं संपवलं. दुसरी भाकरी मागितली नाही.

अठ्ठेचाळीस साली हरणाबाई पुन्हा आल्या. डोक्यावर भुईमुगाच्या शेंगांचं गाठोडं, कपाळ मोकळं. सरकारी कागद आला होता. हे दवाखान्यात गेलेले. मला राहवलं नाही.

"बाई, तेव्हा माझं चुकलं. मला ठाऊक होतं..."

"आन् मला काय लागल्यालं नि सरल्यालं कळत न्हाई व्हय, वैनी? गाडीत बसल्या बसल्या बोटावर मोजलं. ताकारी यायच्या आत झालं हुतं."

"मग परत का नाही आलात?"

"कशाला येऊ? डाक्तर न्हाई म्हणालं हुतं. आनखी दोन वर्सं कुकू लावलं की."

शेंगा सुपात ओतल्या आणि म्हणाल्या, "ती दाढ हाय का वो? न्हाय तर टाकली आसंल."

मी काच आणि भिंग काढून दिलं. बाई दारात उजेडाला बसल्या. माझ्याकडून सुई मागून घेतली आणि तिच्या टोकाने एकेक रेघ मोजू लागल्या, ओठ हलवत. सहाव्या रेघेवर सुई थांबली. मग रेघेच्या पुढच्या कडेला, जिथे नुसता पांढरा थर होता, तिथे नेऊन टेकवली.

"ह्ये बगा," त्या म्हणाल्या, "सातवं लागलं हुतं."