जुना दोर कुठला?

भाईंदर पश्चिमेला, खाडीजवळच्या बाळाराम तांडेलांच्या घरात पत्ते चालायचे, शिव्या चालायच्या, नातवाचं उशिरा घरी येणंही एका मर्यादेपर्यंत चालायचं. फक्त ‘काय न्हाय होत’ हे तीन शब्द चालायचे नाहीत. हे शब्द बोलणाऱ्या खलाशाला बाळारामांनी उभ्या आयुष्यात आपल्या होडीवर घेतलं नाही.

होडी समुद्रात निघायच्या आदल्या संध्याकाळी त्या घरात बैठक बसायची. बाळाराम एका शिसवी पाटावर बसत आणि बाकीचं घर त्यांच्यासमोर. कुठे जाणार, बरोबर कोण, किती दिवस, इंजिन बंद पडलं तर काय, वारा फिरला तर कुठल्या बंदरात शिरणार, सगळं सांगायचं. मग बायका विचारणार. पहिला प्रश्न ठरलेला असे: जुना दोर कुठला? म्हणजे होडीवर अशी कुठली वस्तू आहे, जिच्यावर तुमचा स्वतःचाच पुरता भरवसा नाही. प्रत्येक होडीवर अशी एक तरी असतेच. नाही म्हणणारा खोटारडा असतो नाहीतर नवखा. सगळं विचारून झालं की बाळारामांच्या पत्नी हौसाबाई म्हणायच्या, “जा. आमाला ठाव हाय.” तेवढ्यावर होडी सुटायची.

ही रीत लवूमुळे पडली. लवू म्हणजे बाळारामांचा धाकटा भाऊ. चाळीस वर्षांपूर्वी “इथं खाडीत जाऊन येतो, काय न्हाय होत” असं सांगून तो होडी घेऊन थेट समुद्रात गेला आणि इंजिन बंद पडून अर्नाळ्याला लागला. घरच्यांनी तीन दिवस खाडी पालथी घातली, घरात चूल पेटली नाही, आणि लवू तिकडे ओळखीच्या घरी कोलंबी-भात खाऊन दुपारची झोप काढत होता. त्याची आता सत्तरी उलटून गेली, तरी त्या कोलंबीचा उद्धार आठवड्यातून एकदा होतोच.

होडी विकून सात वर्षं झाली, बैठक मात्र राहिली. नातू भूपेश मोटरसायकलवरून गोव्याला निघाला तेव्हा त्यालाही पाटावर बसवलं होतं. जुना दोर कुठला, तर मागचा ब्रेक. तो बदलून आल्यावरच त्याला सोडलं.

भूपेशची धाकटी बहीण नेत्रा या सगळ्या बैठकांना लहानपणापासून उंबऱ्यात बसून असायची. आठ वर्षांची असताना तिने आजोबांना विचारलं होतं, “मी कधी बसू पाटावर?” आजोबा म्हणाले होते, “पुढल्या वर्षी.” पुढली वर्षं बरीच आली. मुली होडीवर जात नसत, तेव्हा पाटावर बसायचा प्रश्नच नव्हता, आणि मग होडीच गेली. नेत्रा सत्तावीस वर्षांची झाली, शांती नगरमधल्या एका टूर कंपनीत नोकरीला लागली, शेकडो माणसांना तिने काश्मीरपासून केरळपर्यंत पाठवलं, पण स्वतः अशा कुठल्या प्रवासाला निघालीच नाही की ज्यासाठी घराने बैठक घालावी. हे तिला लागून राहिलं होतं. ती कुणाला बोलली नव्हती एवढंच.

मग शुभदा मॅडम आल्या. एकसष्ट वर्षांच्या निवृत्त शिक्षिका. नेत्रानेच त्यांचं हरियाणातल्या एका ठिकाणचं स्कायडायव्हिंग बुक करून दिलं होतं. विमानातून दहा हजार फुटांवरून उडी मारून त्या परत आल्या, पेढ्यांचा पुडा घेऊन ऑफिसात आल्या आणि म्हणाल्या, “अगं, मला वाटलं होतं मी ओरडेन. मी तर हसतच सुटले.” दुसऱ्या दिवशी नेत्राने स्वतःचं बुकिंग केलं.

रविवारी दुपारी बोंबील तळून झाल्यावर तिने लॅपटॉप टीव्हीला जोडला. वडील, ईश्वर, बसवर ड्युटीला गेले होते. बाकी सगळे हजर होते. पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: शंभर टक्के सुरक्षित. पुढे हसणाऱ्या माणसांचे फोटो होते, आकडे होते, रंगीत बाण होते. गिऱ्हाइकाला ती ज्या आवाजात समजावते त्याच आवाजात ती बोलत होती, आणि ते तिच्या ध्यानातही येत नव्हतं.

“आपल्या अंगाला इन्स्ट्रक्टर बांधलेला असतो. सगळं तोच करतो. आपण फक्त एन्जॉय करायचं.”

“विमान चांगलं असताना खाली कशाला उडी मारायची?” आई, आशा, म्हणाली. “बंद पडलं तर गोष्ट वेगळी.”

“मम्मी, तोच तर स्पोर्ट आहे.”

बाळाराम बशीत चहा ओतत होते. अर्धा बशीत पडत होता, अर्धा चटईवर.

“बाबा, चहा सांडतोय,” आशा म्हणाली.

“उजेड कमी हाय,” बाळाराम म्हणाले. दुपारचा एक वाजला होता. मग त्यांनी बशी खाली ठेवली आणि विचारलं, “नेत्रे, जुना दोर कुठला?”

नेत्राकडे तेवीस पानं तयार होती, पण त्यांत हे एक नव्हतं. ती हसली आणि दिवसातून वीस वेळा फोनवर बोलायची तेच बोलून गेली.

“आजोबा, तुम्ही टेन्शन घेऊ नका. काही नाही होत.”

भूपेशने कपाळाला हात लावला. हौसाबाईंनी उरलेल्या भातावर झाकण ठेवलं. बाळाराम गुडघ्यावर हात टेकून उठले.

“मंग न्हाय,” म्हणाले, आणि ओटीवर जाऊन बसले.

संध्याकाळी भूपेशने तिला गच्चीत गाठलं. “तू पण ना. दुसरं काही पण बोलायचं होतंस. आता एक काम कर. शुक्रवारी जयपूरला ऑफिसची टूर आहे म्हणून सांग. फोटो टाकू नको कुठे. मी नाही बोलणार कुणाला.”

सल्ला सोपा होता. कुणाला कळलंही नसतं. नेत्रा कठड्याला टेकून खाडीकडे बघत राहिली, आणि तिला लवूआजोबांची कोलंबी आठवली.

“नाही रे दादा,” ती म्हणाली. “असं चोरून गेले तर मग जाऊन काय उपयोग? मला पाटावर बसून जायचंय.”

सोमवारी तिने स्कायडायव्हिंगच्या ठिकाणी फोन लावला आणि एखाद्या गिऱ्हाइकाने विचारले असते तर तिला स्वतःला वैताग आला असता असे प्रश्न विचारले. पॅराशूट कोण घडी करतं? ते नाही उघडलं तर? दुसरंही नाही उघडलं तर? तिकडचा चंदन नावाचा इन्स्ट्रक्टर आधी “कुछ नहीं होगा, मॅडम” म्हणाला. नेत्रा म्हणाली, “भैया, ये मत बोलिए. हमारे घर में इसी पे सब अटका है.” तेव्हा तो हसला आणि पाऊण तास नीट बोलला. मग तिने फॉर्म पुन्हा उघडला. पूर्वी कधी हाड मोडलं आहे का, या प्रश्नापुढे तिने ‘नाही’ अशी खूण केली होती. ती बराच वेळ त्या खुणेकडे बघत बसली. मंगळवारी ऑफिसातून लवकर निघून ती हाडांच्या डॉक्टरांकडे गेली.

बुधवारी संध्याकाळी तिने माळ्यावरून पाट काढला, पुसला आणि मधोमध मांडला. त्यावर बसायला मात्र तिचा धीर होईना. बाळाराम ओटीवरून आत आले, पाटाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं.

“बस,” म्हणाले.

नेत्रा बसली. लॅपटॉप नव्हता. समोर आजी, मम्मी, भूपेश, आणि बातमी कळून मुद्दाम आलेले लवूआजोबा.

“शुक्रवारच्या गाडीने हरियाणाला जाणार. रविवारी सकाळी उडी. बरोबर चंदन म्हणून आहे, त्याच्या दोन हजारांवर उड्या झाल्यात. दहा हजार फुटांवरून उडी मारायची, पाच हजारांवर पॅराशूट उघडायचं. ते नाही उघडलं, तर ते सोडून देऊन दुसरं उघडतात. माणसाला शुद्ध नसली तरी दुसरं आपोआप उघडावं म्हणून यंत्र असतं. दोन्ही नाही उघडली तर माणूस वाचत नाही. असं फार क्वचित होतं, पण झालेलं आहे. वारा जोरात असला तर ते उडी रद्द करतात, आणि मी ‘चला ना’ म्हणून मागे लागणार नाही.”

आशाने पदर तोंडाला लावला, पण ती उठून गेली नाही.

“जुना दोर कुठला?” बाळारामांनी विचारलं.

“माझा डावा पाय,” नेत्रा म्हणाली. “दोन वर्षांपूर्वी गरब्यात घोटा मोडला होता, तो. फॉर्मवर मी खोटं लिहिलं होतं. आता खरं लिहिलंय. डॉक्टरांनी एक्स-रे काढून चालेल असं लिहून दिलंय. उतरताना मी दोन्ही पाय वर उचलायचे, जमिनीला आधी चंदनचे पाय लागणार. बुकिंगच्या वेळीच मला आठ दिवस पाय उचलून धरायची प्रॅक्टिस करायला सांगितली होती, ती मी तीनच दिवस केली.”

“मंग अजून करायची,” लवू म्हणाला. “आत्ताच कर. बघू.”

नेत्राने पाटावर बसल्या बसल्या पाय सरळ उचलून धरले. लवूने मोठ्याने वीसपर्यंत आकडे मोजले, त्यांतला अकरा दोनदा.

“कागूद दाव,” बाळाराम म्हणाले. नेत्राने डॉक्टरांची चिठ्ठी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती लांब धरली, जवळ धरली, बल्बाकडे वळवली आणि परत केली. “तूच वाच.”

तिने वाचली. मग बाळारामांनी पुढचा प्रश्न विचारला.

“आन न्हाय आलीस तर?”

हा प्रश्न त्या घरात नेहमी हौसाबाई विचारायच्या, आणि तेव्हा उंबऱ्यात बसलेली नेत्रा कान झाकून घ्यायची.

“तर तुम्हाला माहीत असेल, मी कुठे होते ते,” ती म्हणाली. “आणि मला तिथे जायचंच होतं, कुणी ढकललं नव्हतं, हे पण माहीत असेल. तुम्हाला खाडी शोधत बसायला नाही लागणार. आणि आजोबा, मला भीती वाटते. पण लहानपणापासून मला एकदा या पाटावरून निघायचं होतं. तुम्ही पुढल्या वर्षी म्हणाला होता.”

बाळारामांनी मान खाली घातली. “बोललो होतो,” म्हणाले. “नेलं न्हाय. चुकलंच माझं.”

आजोबांच्या तोंडून असं वाक्य कुणी ऐकलं नव्हतं. नेत्राला रडू आलं आणि तिने ते येऊ दिलं. हौसाबाईंनी सुनेकडे पाहिलं. आशाने नाक पुसून मान हलवली.

“जा,” हौसाबाई म्हणाल्या. “आमाला ठाव हाय.”

इथे बैठक संपायची. पण नेत्रा पाटावरून उठली नाही. तिला ती चिठ्ठी आठवत होती. पेपरातल्या जाहिरातीसुद्धा न सोडणाऱ्या माणसाने चार ओळींचा कागद न वाचता परत दिला होता.

“आजोबा, तुमच्या डोळ्यांना काय झालंय?”

“उजेड—”

“दिवाळीत डाक्टर बोलला, आपरेशन करा,” हौसाबाई मध्येच म्हणाल्या. “चिठ्ठी गादीखाली घालून ठेवलीय.”

“मोतीबिंदूच तर हाय,” बाळाराम चिडून म्हणाले. “काय न्हाय होत.”

बाळारामांना स्वतःलाही ते ऐकू गेलं असावं, कारण त्यांचं तोंड उघडंच राहिलं. चाळीस वर्षं कोलंबीवरून बोलणी खाल्लेला लवू जागेवरून सावकाश उठला. या क्षणासाठीच तो इतकी वर्षं जगला असावा.

“दादूस,” तो गोड आवाजात म्हणाला, “बोललास.”

भूपेश हसून आडवा झाला. आशाला पदर पुन्हा तोंडाला लावावा लागला, या वेळी वेगळ्या कारणासाठी. नेत्राने उठून पाट आजोबांच्या दिशेने सरकवला.

“बसा,” ती म्हणाली. “जुना दोर कुठला?”

बाळाराम बसले. बराच वेळ पाटाची कड चाचपत राहिले. “उजवा डोला,” शेवटी म्हणाले. “डावा बी तसाच. वादळाला मी कवा भ्यालो न्हाय. पन डोल्यात सुई घालनार म्हनतात, त्याला भितो.” एवढं बोलल्यावर त्यांचे खांदे सैल झाले. पुढचे प्रश्न सगळ्यांनी विचारले, लवूने सगळ्यात जास्त.

नेत्रा रविवारी उडी मारून सोमवारी परत आली. पाय तिने चांगले उचलले होते, एक कानातलं हरियाणाच्या आभाळात राहिलं, आणि घसा असा बसला होता की उडीची सगळी गोष्ट तिला खुणांनी सांगावी लागली. ती शुभदा मॅडमसारखी हसली नव्हती. ती पहिल्यापासून शेवटपर्यंत ओरडली होती. व्हिडिओ टीव्हीवर लावला तेव्हा बाळाराम पडद्याला नाक लावून बसले आणि म्हणाले, “ढगावानी दिसतंय सगलं. डोला झाला की परत लाव.”

त्याच आठवड्यात गुरुवारी सगळे मीरा रोडच्या दवाखान्यात होते. हिरवा गाऊन घातलेल्या बाळारामांच्या डोळ्यात नर्सने थेंब घातले आणि लाडाने म्हणाली, “घाबरू नका बाबा, काही नाही होत.”

“असं बोलनाऱ्याला आमी होडीवर घेत न्हाय,” बाळाराम म्हणाले. नर्स गोंधळून बघत राहिली. बाळाराम दारापाशी थांबले आणि सवयीने हौसाबाईंकडे वळले. हौसाबाईंनी कोपराने नेत्राला डिवचलं.

“तू बोल. आता तू बी जाऊन आलीस.”

नेत्राचा आवाज अजून फुटत नव्हता, तरी आजोबांना तो नीट ऐकू गेला.

“जा. आमाला ठाव हाय.”

बाळारामांनी चपला दाराबाहेर काढून ठेवल्या आणि ते आत गेले.