उताणी छत्री

चटईवर सोळा वस्तू होत्या. कापड काढून टाकलेली जुनी छत्री, आठ काड्यांची, त्यातली एक वाकडी. फाटक्या मच्छरदाणीचं अर्धं छत. सुतळीचा गुंडा, दाभण, पक्कड, दोऱ्याचं रीळ, दोऱ्याला चोळायला मेणबत्ती आणि लिंबाएवढा शिशाचा गोळा. शिवाय आठ बुचं. ती प्रभाकरने कारखान्याच्या प्रयोगशाळेतल्या टाकाऊ डब्यातून वेचून आणली होती. दर काडीच्या टोकाला एक.

"ही वाकडी अगदी तुझ्यावर गेलीय," मंदाआत्या म्हणाली.

"सरळ करतो."

"मी तेवीस वर्षं तेच करतेय."

खिडकीशी पडलेली त्याची बायको वासंती किंचित हसली. त्या आठवड्यातलं ते पहिलं हसू. तिला चौथा महिना होता आणि पोटात काही म्हणता काही ठरत नव्हतं. सकाळीच डॉक्टरांनी तिला काट्यावर उभं केलं होतं. चौऱ्याऐंशी पौंड. पुढच्या शनिवारी काटा वर सरकला नाही तर इस्पितळात ठेवू, असं ते म्हणाले होते.  वासंतीची थोरली बहीण त्याच इस्पितळात अशीच भरती झाली होती आणि परत आली नव्हती.

तिला हवी होती ती एकच गोष्ट, आणि तीही अर्धवट झोपेत सांगितलेली. "काचेची कोलंबी." प्रभाकरने बाजारातून कोलंबी आणली, तर तिने टोपली उंबऱ्यातूनच परत पाठवली. हिला बर्फाचा वास येतो, म्हणाली. लहानपणी खाडीकाठी बाळकुमला मामाकडे तिने पाण्यात पाहिलेली कोलंबी आरपार दिसायची. पोटातली काळी रेघ दिसायची, रेघेपलीकडचा दगडही दिसायचा.

"डोहाळे पुरवले नाहीत तर पोराची लाळ गळते," आत्या म्हणाली. "मग पुसत बस बी. एस्सी. होऊन."

प्रभाकरला जाळं फेकता येत नव्हतं. म्हणून फेकावं लागणार नाही असं काहीतरी त्याने मनाशी रचलं. छत्री उताणी धरायची, काड्यांवर मच्छरदाणी शिवायची, टोकाला शिसं बांधायचं, दांड्याला सुतळी. पाण्यात सोडायची, थांबायचं, वर ओढायची. आमिष म्हणून मधोमध कणकेचा गोळा, त्यात हिंग. वास लांबवर जावा म्हणून. शिवण रात्री जेवणाआधी पुरी झाली.

रविवारी दुपारी निघताना त्याने छत्री उचलली, तर ती पापडासारखी वाजली.

"आत्या, हे काय केलंस?"

"धुतली आणि खळ घातली. पेजेची. घराबाहेर जाणारी वस्तू चुरगळलेली न्यायची? बाळकुमला तुझे मामेसासरे-मावससासरे सगळे आहेत."

"अगं, पाण्यात बुडवायची आहे ती."

"बुडेपर्यंत तरी बरी दिसेल."

पुन्हा धुवायला वेळ नव्हता. भरती कुणासाठी थांबत नाही. टांग्यात वासंती छत्री मांडीवर धरून बसली. ऊन मऊ होतं, पौषातलं. तिवरांच्या मागे खाडी दिसली तेव्हा तिने डोळे मिटले आणि नाकाने हवा आत घेतली. प्रभाकर श्वास रोखून वाट पाहत राहिला, पण तिला मळमळलं नाही.

धक्क्याच्या शेवटच्या पायरीवरून त्याने छत्री सोडली. पाणी हिरवं आणि स्वच्छ होतं. बुचांनी कड वर तोलून धरली, शिशाने तळ खाली खेचला, आणि छत्री खाली खाली जाताना एखाद्या संथ फुलासारखी दिसली. कडक जाळी नरम झाली. खळ सुटायला लागली. जाळीच्या भोकाभोकातून पांढरे धागे निघाले, त्यांचा धुरासारखा ढग झाला, आणि त्या ढगात छत्री नाहीशी झाली.

"गेलं सगळं," प्रभाकर म्हणाला. "आता हिंगाचा वास कसा पोचणार?"

"बोलू नका ना," वासंती म्हणाली. ती पायरीवर ओणवी झाली होती. "छत्री उताणी धरली की पाऊस खालून येतो, असं मला लहानपणी वाटायचं."

 रेतीची एक होडी शीड पाडून पलीकडून सरकत गेली. ढग हळूहळू विरला आणि जाळी पुन्हा दिसली, पण तिच्यावर काहीतरी हलत होतं. आधी त्याला नुसते काळे ठिपके दिसले, जोडीजोडीने. मग ते डोळे आहेत हे कळलं, आणि डोळ्यांमागे काचेची अंगं. कणकेच्या गोळ्याकडे एकही फिरकली नव्हती. सगळ्या काड्यांच्या कडेला, शिवणीच्या दुमडीत जिथे खळ जाड बसली होती, तिथे तोंडं लावून होत्या.

"खळ खातायत," तो पुटपुटला.

"ओढा. हळू."

त्याने हळू ओढली. पाणी निथळलं, आणि जाळीत मूठभर उजेड तडतडू लागला. वासंतीने एक उचलून सूर्यासमोर धरली. तिच्यातून तिला पलीकडचा काठ दिसला. मग ती म्हणाली, "भूक लागलीय."

त्या संध्याकाळी आत्याने कोलंबी नुसत्या मिठा-हळदीत शिजवली. वासंतीने ती मऊ भाताबरोबर खाल्ली आणि भिंतीला टेकून बसली. दिवा लागला, शेजारची आरती झाली. भात पोटातच राहिला.

मंगळवारी कारखान्यातून आल्यावर प्रभाकरने छत्री खाली काढली, न्याहाळली आणि स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला.

"आत्या, जरा खळ घालून दे ना."

"का रे? चुरगळलेली चालत नाही वाटतं आता?"

"दुमडीत जाड घाल."

आत्याने पेजेचं पातेलं पुढे ओढलं. गुरुवारीही ओढलं.

शनिवारी डॉक्टरांनी वासंतीला चपला काढायला सांगितल्या. ती काट्यावर चढली. डॉक्टरांनी वजन सरकवलं, थांबले, पुन्हा थोडं सरकवलं. दांडी मध्यावर आली.

शहाऐंशी पौंड, चार औंस.