गरमीवाल्यांचा बाक

मी एक जुना बाक आहे. माझा एक पाय आखूड आहे, म्हणून बसलात की मी जरा डुलतो. घाबरू नका मित्रांनो, ती माझी जन्माची खोड आहे. कल्याणच्या खाडीत माल वाहणारा एक पडाव मोडीत निघाला, त्याच्या फळ्यांतून सुताराने मला घडवलं. दमट हवेत माझ्या अंगाला अजून खारा वास येतो.

बावन्न-त्रेपन्न सालची गोष्ट. मी दवाखान्यात नवा होतो. उकळत्या सुयांची खदखद, स्पिरिटचा वास, बाहेर टांग्यांची ये-जा. फार गोड दिवस होते ते. पण मला ठेवलं उपदंशाच्या रोग्यांसाठी. लोक त्या रोगाला गरमी म्हणत. झालं, सगळ्यांनी मला वाळीत टाकलं. डॉक्टर मुद्दाम माझ्यावर बसून चहा पीत आणि सांगत, "अहो, बाकावर बसून हा रोग होत नाही. शरीरसंबंधातून एकाचा दुसऱ्याला होतो." लोक माना डोलवत आणि उभेच राहत. मला भारी राग येई.

एकदा मिठागरात काम करणारा भिवा येऊन बसला. त्याच्या तळहातांवर चट्टे उठले होते. रक्ताची तपासणी झाल्यावर डॉक्टरांनी हळू आवाजात विचारलं, "आधी कधी जखम झालेली?"

"झालेली. मुंबईला नको तिथं गेलेलो, त्यानंतर. पण आपोआप बरी झाली."

"जखम गेली, रोग रक्तात राहिला. तो बायकोला होतो, पोटातल्या बाळालाही होतो. पेनिसिलिनने बरा होईल, पण दोघांनी घ्यायला हवं."

भिवाची मान खाली गेली. त्याच्या बायकोचं, तुळसाचं, पहिलं मूल मेलेलंच जन्मलं होतं आणि आता तिला पुन्हा दिवस होते.

"तिला ताकदीची सुई म्हणून सांगा ना," तो म्हणाला.

"अंग तिचं आहे. खरं तिला कळलंच पाहिजे."

पुढल्या खेपेला भिवाबरोबर तुळसा आली, मागोमाग सासू बायजा. "त्या बाकाव बसू नको गं, गरमी लागंल," बायजाने बजावलं. अवघडलेली तुळसा निमूट फरशीवर बसली. बायजा शेजारच्या बाईला सांगत होती, "हिच्या कुशीतच खोट हाय. हे पोर गेलं तर हिला कायमची माहेरी धाडनार."

भिवा उठून उभा राहिला. "आये, खोट तिची नाय. रोग मी आनलाय."

तुळसा त्याच्याकडे वळली. "मी अंगारे खात व्हते, तवा का नाय बोललात?"

ती फरशीवर हात टेकून उठली आणि माझ्यावर मधोमध बसली. "डॉक्टर, सुई कवा देनार?" तिने दारात आलेल्या डॉक्टरांना विचारलं. त्या घडीला मला माझ्या जन्माचं सार्थक वाटलं.

दोघांनीही औषध पुरं केलं. काही महिन्यांनी तुळसा बायजासोबत गुटगुटीत लेक घेऊन आली. रक्त तपासायला लेकीला माझ्यावर निजवलं, तर पोरीने मला भिजवून टाकलं. बायजाने स्वतःच्या पदराने मला पुसलं, अन् नातीला मांडीवर घेऊन ती माझ्यावरच बसली.

आता मी त्याच दवाखान्याच्या अडगळीत आहे. मला रंग नको, पॉलिश नको, फक्त एक ऐका. मित्रांनो, उद्या तुमचे संसार होतील. असं काही दुखणं आलं तर लपवू नका, जोडीदारापासून तर नाहीच. जखम मिटली तरी डॉक्टरांना दाखवा. आणि येताना एकटे येऊ नका, माझ्यावर दोघांना पुरेल एवढी जागा आहे.