भूगोलाला पंधरा पोरं

डोणगावच्या बसस्टँडसमोर संजीवनीचं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान होतं, आणि जून लागला की तिथं पाय ठेवायला जागा नसायची. बारावी झालेली पोरं यायची, गुणपत्रिका टेबलावर टाकायची आणि म्हणायची, "ताई, बी.ए.चा भरा." मुख्य विषय कोणता, असं विचारलं की एकमेकांच्या तोंडाकडं पाहायची. ज्याच्यासोबत तीन वर्षं काढायची तो विषय, पण चपला घेतानासुद्धा माणूस याहून जास्त चौकशी करतो.

संजीवनी मग सुरू व्हायची. "भूगोल घे. धम्मशीला मॅडम आहेत. डोळे झाकून घे!" तिच्या वेळी मॅडमनी पहिल्याच तासाला अख्ख्या वर्गाला विचारलं होतं, तुमच्या अंगणातलं पाणी जाते कुठं? सगळ्यांनी एका सुरात सांगितलं, नालीत. आणि नालीतून? इथं वर्ग गार. रविवारी मॅडम पुढं आणि पोरं मागं, अशी वरात कॉलेजमागच्या नाल्यानं निघाली ती पैनगंगेच्या काठावर थांबली. संजीवनीच्या चपलेचा अंगठा तुटला, तरी ती परत फिरली नाही. आपण जिथं जन्मलो तिथल्या मातीचं आपल्याला काडीचंही ठाऊक नाही हे तिला त्या दिवशी कळलं, आणि लाज वाटण्याऐवजी मजाच वाटली.

यंदा मात्र गोष्ट निराळी होती. पंधरा पोरं झाली नाहीत तर भूगोलाचा वर्ग उघडणार नाही, असं कॉलेजातून कानावर आलं होतं. मॅडम अकरा वर्षं तासिका तत्त्वावर शिकवत होत्या. वर्ग नाही तर तास नाहीत, तास नाहीत तर मॅडम नाहीत. संजीवनीच्या डोक्यात भलतंच शिरलं. "ताई, कोणताही टाका" म्हणणाऱ्या सात जणांना तिनं न विचारता भूगोल भरून टाकला. पोरांनी छापील कागद वाचलासुद्धा नाही. सतरा नावं झाली आणि बाईसाहेब गालात हसत घरी गेल्या.

एक गोष्ट ती विसरली. आपल्या विषयाला आलेल्या प्रत्येक पोराला मॅडम दरवर्षी स्वतः फोन करायच्या.

शेवटच्या तारखेला दुपारी मॅडम दुकानात येऊन बाकड्यावर बसल्या. "संजीवनी, सात पोरं म्हणतात आम्ही भूगोल घेतलाच नाही. एक म्हणे, ताईले विचारा ताईनं काय टाकलं ते. काऊन केलं हे?"

संजीवनीनं कीबोर्ड बाजूला सारला. "तुमच्यासाठी केलं, मॅडम."

"मले विचारलं नाही, पोरांले विचारलं नाही. लाव फोन."

सातही फोन मॅडमसमोर लावावे लागले. चूक माझी आहे, आज पाचपर्यंत बदलता येते, तुले खरंच काय पाहिजे? तिघांनी विषय बदलून घेतला. चौघं म्हणाले, "राहू द्या ताई, पडला तर पडला." मॅडमनी त्यांनाही तसं सोडलं नाही. फोन हातात घेऊन एकेकाशी बोलल्या, तेव्हा कुठं ते मनापासून हो म्हणाले. सतराचे चौदा झाले आणि घड्याळात साडेचार.

तेवढ्यात आशाबाई आल्या, मागं त्यांची काजल. आशाबाई आठवडी बाजारातलं भाजीचं दुकान शेजारणीवर सोपवून आल्या होत्या. "कोणताय टाक बाई, पोरगी शिकली म्हणजे झालं."

एकच नाव हवं होतं आणि ते चालत दारात आलं होतं. पण आताच सात फोन करून झाले होते, म्हणून संजीवनीनं आगाऊपणा केला नाही. "काजल, ह्या धम्मशीला मॅडम. मी यांच्याजवळच शिकली. काय घेऊ ते यांनाच विचार." एवढं सोपं करून दिल्यावर मॅडम थोड्याच नाही म्हणणार होत्या!

मॅडमनी काजलला जवळ बसवलं. "तुले कशाबद्दल विचारावं वाटते? पुस्तकातलं नको सांगू."

काजलनं आधी आईकडं पाहिलं. मग हळूच म्हणाली, "आमच्या गावात पाराजवळ एक दगड आहे. त्याच्यावर घोड्यावरचा माणूस कोरेल आहे. बाया शेंदूर लावतात, नारळ फोडतात. हा कोण म्हणून मी साऱ्याइले विचारलं. आजी म्हणते देव आहे, गप बैस. पण दगडाच्या खालच्या अंगाले तोच माणूस पडेल दिसते. मेलेला. देव मरते का, मॅडम?"

संजीवनीनं पटकन तोंड घातलं. "दगड भूगोलातच येतात, काजल."

"येतात," मॅडम हसल्या. "पण हिले दगडाचं नाही विचारायचं, त्या माणसाचं विचारायचं आहे." मग काजलकडं वळल्या. "इतिहास घे. तिथं भागवत सर आहेत. बोलायले कडक आहेत, सुरुवातीले तुले रडू येईल. पण असा दगड दिसला का ते जेवण सोडून जातात. मले सांगितलं तसंच त्याइले सांग."

संजीवनीला राग आला, खरोखरचा राग. असं कोणी करतं का? ती मॅडमच्या कानाशी वाकली. "मॅडम, चौदाच आहेत."

"मले मोजता येते. इतिहास टाक."

तिनं टाकला. काजलनं सगळा फॉर्म ओळीवर बोट ठेवून वाचला, मग मान हलवली. संजीवनीनं बटण दाबलं तेव्हा तिचे डोळे भरून आले होते. पाच वाजता साइट बंद झाली, भूगोलाची यादी चौदावरच राहिली.

"आता पुढच्या वर्षी पोरांले कोणाचं नाव सांगू?" तिनं विचारलं.

"भागवत सरांचं सांग. पण आधी पोराले विचारत जा."

आशाबाईंनी पिशवी उचलली. काजल दारापर्यंत गेली आणि परत वळली. "मॅडम, इतिहास घेतला तरी मी कधीमधी तुमच्या वर्गात येऊन बसली तर चालन का?"

मॅडमनी एकदा संजीवनीकडं पाहिलं.

"चालन ना," त्या म्हणाल्या. "ये."